रणजित पास झाला की उघडायची बाटली

आज माझा दिवस आहे! निदान सकाळपासून मला तसं वाटतंय.

मी व्हिस्की. आयर्लंडची, सिंगल माल्ट. नाव ऐकून तोंड फिरवू नका. मी अजून कुणाच्या पोटात गेलेले नाही, त्यामुळे कुणाचं वाईटही केलेलं नाही. ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टनमध्ये एका घराच्या स्वयंपाकघरात, टेबलाच्या बरोबर मधोमध मी उभी आहे. आईंनी सकाळीच ओल्या फडक्यानं माझं अंग पुसलं. आई म्हणजे सुलभा, रणजितची आई. घरात सगळे आई म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

रणजित परीक्षेला गेलाय. ट्रकच्या लायसन्सची लेखी परीक्षा. पास झाला तर आज माझं बूच निघेल. नापास झाला तर तो पुढच्या आठवड्यात आईंबरोबर कायमचा पुण्याला जाईल आणि मी तांदळाच्या डब्यामागं पडून राहीन. आत्ता अकरा वाजलेत. त्याची परीक्षा सुरू झाली असेल. आई गॅससमोर उभ्या आहेत, पण गॅस पेटवलेलाच नाही.

तो येईपर्यंत माझी सगळी गोष्ट सांगून टाकते. गप्प राहवतच नाहीये!

मी आधी जव होते. आयर्लंडमधल्या एका शेतात, जिथं वर्षातले निम्मे दिवस पाऊस आणि उरलेले निम्मे ढग. कापणी झाली, मला पाण्यात भिजवलं. तुम्ही मटकीला मोड आणता ना, अगदी तसेच मला मोड आणले. मोड आले म्हणून मी खूश, आता आपण उगवणार! तेवढ्यात गरम हवेत वाळवून टाकलं. पहिला धडा तिथंच मिळाला. आपल्याला वाटतं एक, होतं दुसरंच.

मग दळलं, शिजवलं, आंबवलं. मग तांब्याच्या भल्यामोठ्या भांड्यात घालून उकळलं, वाफ धरली, थंड केली. एकदा नाही, तीनदा! तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा मी पाण्यासारखी स्वच्छ होते आणि भयंकर तिखट. कुणी एक घोट घेतला असता तर जीभ भाजली असती.

त्यानंतर मला एका लाकडी पिंपात कोंडलं. अकरा वर्षं. अंधार. लाकूड मला थोडा थोडा रंग देत होतं आणि माझा तिखटपणा हळूहळू काढून घेत होतं. दरवर्षी मी थोडी उडून जायचे. पिंप कितीही घट्ट असलं तरी उडायचेच. तिथले कामगार म्हणायचे, हा देवदूतांचा वाटा. आपल्याकडे नैवेद्य दाखवतात तसंच म्हणा, फक्त इथं देव खरंच खाऊन जातात.

अकरा वर्षांनी वाटलं, झालं, सुटले. पण मला परत दुसऱ्या पिंपात ओतलं. या पिंपात आधी फ्रान्सची गोड वाइन होती. लाकडात अजून तिचा वास होता. जर्दाळू, मनुका, मध, असं सगळं. दहा महिने मी तिथं राहिले. खरं सांगते, अकरा वर्षांत बदलले नाही एवढी मी त्या दहा महिन्यांत बदलले. गुळाच्या पाकासारखा रंग आला. आतली चिडचिड गेली. बाटलीत भरलं तेव्हा मी स्वतःलाच ओळखलं नाही!

मग जहाज, कंटेनर, गोदाम, आणि एके दिवशी ऑकलंड विमानतळावरचं ड्यूटी फ्री दुकान. इथं विमानातून उतरल्यावरही ड्यूटी फ्री घेता येतं. लोक झोपाळलेल्या डोळ्यांनी यायचे, बाटल्या उचलायचे, ठेवायचे. मी तीन आठवडे वाट पाहिली. आणि मग तो आला.

देवव्रत. रणजितचा दादा. माउंट वेलिंग्टनच्या एका ऑफिसात इंजिनिअर. तो आईंना आणि रणजितला पुण्याहून घेऊन येत होता. आईंच्या अंगात साडीवर स्वेटर आणि पायात नवे पांढरे बूट. रणजित पुढं, ट्रॉली ढकलत, ढकलत कसला, पळवत!

देवव्रतनं मला उचललं, उजेडात धरलं. माझं लेबल पूर्ण वाचलं. इतक्या माणसांत पूर्ण लेबल वाचणारा तो पहिला.

"दादा, घेतोयस का? घे, घे! घरी जाऊन लगेच फोडू," रणजित म्हणाला.

"लगेच नाही."

"मग कधी?"

"तू इथल्या ट्रकच्या लायसन्सची परीक्षा पास होशील त्या दिवशी."

"मला येतो की ट्रक! सात वर्षं चालवलाय. नाशिक, सोलापूर, हुबळी..."

"ट्रक येतो रे. परीक्षा येत नाही तुला."

आई मागून म्हणाल्या, "देवा, बाटलीचं आमिष दाखवतोस धाकट्या भावाला? लाज वाटते का?"

"आई, पेढे म्हटलं तर हा अभ्यास करेल का?"

आईंनी विचार केला. "नाही करायचा," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

पुढं तपासणी होती. मला कुणी काही विचारलं नाही. सगळी चौकशी झाली आईंच्या गोड्या मसाल्याची. अधिकाऱ्यानं हसून किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हटलं, पिशवी उघडली, हुंगलं आणि त्याला तीन शिंका आल्या. आई त्याला मराठीतून म्हणाल्या, "पाणी पी बाबा." मला हे कुटुंब तिथंच आवडलं!

घरी देवव्रतची बायको संपदा वाट बघत होती. तीसुद्धा नोकरी करते, कॉम्प्युटरवर. माझी जागा ठरवण्यावरून पहिल्याच दिवशी चर्चा झाली. देवघर उत्तरेच्या भिंतीला, म्हणून आईंनी मला दक्षिणेच्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागं ठेवलं, वर जुनं फडकं टाकलं. संपदा म्हणाली, "आई, ती लाजत नाहीये." आई म्हणाल्या, "मी लाजतेय."

आता रणजितबद्दल सांगते. वडील लवकर गेले. दादा शिकला, कारण त्याला शिकायचं होतं. रणजितनं नववीत एका दुपारी सरांशी भांडून दप्तर वर्गातच टाकलं, भिंतीवरून उडी मारली आणि समोर उभ्या असलेल्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला. संध्याकाळी तो ट्रक नगरला पोचला होता. तो असाच आहे. आधी उडी, मग बघायचं खाली काय आहे.

इथं आल्यावर त्याला गोदामात काम मिळालं, फोर्कलिफ्टवर. पण त्याला हवा होता ट्रक. टौरंगा बंदरापर्यंत किवीची फळं घेऊन जाणारे मोठे ट्रक तो रस्त्यावर बघायचा आणि घरी येऊन एकेक चाक मोजून सांगायचा. टौरंगाच्या एका ट्रकमालकानं सांगितलंही होतं, "लायसन्स आण, सीट तुझी."

आधी लेखी परीक्षा, ती कॉम्प्युटरवर; चालवून दाखवणं नंतर, पण ते त्याला येतच होतं. पस्तीस प्रश्न, बत्तीस बरोबर हवेत. सगळं इंग्रजीत.

मग सुरू झाली आमची शाळा! आमची म्हणतेय, कारण मीही त्यात होते. देवव्रत जेवणानंतर टेबल पुसायचा आणि मला मधोमध ठेवायचा. मी म्हणजे राउंडअबाउट, गोल चौक. चार बाजूंना चार ताटं, ते रस्ते. मोहरीची वाटी, जिऱ्याची वाटी, हळदीची डबी, या गाड्या. आणि वरणाचं पातेलं म्हणजे रणजितचा ट्रक.

"पातेलं इकडून येतंय. जिरं उजवीकडून येतंय. आधी कोण?"

"मी."

"का?"

"माझा ट्रक मोठाय!"

"मोठा असला तरी थांबायचं. उजवीकडच्याला आधी. परत."

संपदा हसून लोटपोट. आई ओट्याशी पोळ्या लाटता लाटता बघायच्या. एकदा त्या मागं न बघताच म्हणाल्या, "हळदीनं सिग्नल दिला नाही." सगळे थांबले. खरंच दिला नव्हता!

मला इतकी मजा यायची! रोज माझ्याभोवती मोहरी, जिरं फिरायचं आणि मी मधे उभी. आयर्लंडमधल्या त्या अकरा वर्षांच्या अंधारात मला कुणी सांगितलं असतं की तू पुढं चौक होणार आहेस, तर मी पिंप फोडून बाहेर आले असते.

रणजितला सगळे नियम यायचे. अडचण दुसरीच होती. प्रश्न अर्धा वाचला की त्याचं बोट उठायचं. शेवटी 'नाही' आहे की 'शिवाय' आहे, हे बघायच्या आधीच उत्तर दाबून मोकळा. देवव्रत त्याचा हात धरून ठेवायचा. "आधी श्वास घे. मग बोट." रणजित श्वासही घाईत घ्यायचा.

पहिल्यांदा सव्वीस आले. त्या दिवशी मला टेबलावर आणलं होतं, ग्लास काढले होते. रणजित आत आला आणि म्हणाला, "नापास. चल दादा, तरी फोडू. दुःखात पण पितातच की."

"दुःखात चहा," देवव्रत म्हणाला आणि मला परत फडक्याखाली ठेवलं.

दुसऱ्यांदा एकतीस. एकानं गेला! फक्त एकानं! मला तर वाटलं माझंच बूच घशात अडकलं. रणजितनं बूट भिंतीवर फेकला. देवव्रत मात्र नाचत होता. "एकतीस! अरे नववी नापास माणूस इंग्रजीत एकतीस! पुढच्या वेळी काढशील, स्वीट ॲज, एकदम झकास!" त्यानं मला उचललं, लेबलवर टिचकी मारली आणि म्हणाला, "तयारीत राहा गं."

मी तयारीतच होते.

तिसऱ्या परीक्षेची तारीख घ्यायची होती. मे महिन्यातला रविवार होता. देवव्रत सकाळी क्रिकेट खेळायला गेला. दुसऱ्या ओव्हरनंतर म्हणाला, छातीत कसंतरी होतंय, आणि खाली बसला. पुन्हा उठला नाही. छत्तीस वर्षांचा होता.

मी हे पटकन सांगितलं, कारण तो गेलाच तसा. पटकन.

त्यानंतर घरात खूप माणसं आली. जेवणाचे डबे आले. कुणी माझं फडकं काढलं नाही. मला कपाटातून फक्त आवाज यायचे. रणजितचा आवाज सर्वांत कमी. जो माणूस दुधाची बाटली आणायला डेअरीपर्यंत गेला तरी परत येऊन अर्धा तास गोष्टी सांगायचा, तो गप्प होता.

दहाव्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. रणजित होता. डोक्याचे केस काढलेले. त्यानं मला बॅगेत टाकलं. दहाव्याला गेलेल्या माणसाची आवडती वस्तू पिंडाजवळ ठेवतात ना, म्हणून.

तामाकी नदीच्या खाडीकाठी गवत आहे, तिथं सगळे गेले. पुण्याहून अनिरुद्ध गुरुजी फोनवर होते. इथं लख्ख दुपार, तिथं नुकतं उजाडलेलं. संपदानं फोन धरला होता. ती मधेच डोळे पुसायची, म्हणून गुरुजींना एकदा आकाश दिसायचं आणि एकदा बूट.

रणजितनं सगळं केलं, गुरुजी सांगतील तसं. पिंड पानावर ठेवला. शेजारी मला ठेवलं.

"आता सगळे मागं या," गुरुजी म्हणाले. "हात जोडा. कावळा शिवेपर्यंत थांबायचं. नाही शिवला, तर त्याची काय इच्छा राहिली असेल ती आठवायची आणि शब्द द्यायचा. घाई करायची नाही."

"गुरुजी," संपदा म्हणाली, "इथं कावळा नाहीये."

"येईल. वाट बघा."

"तसं नाही. ऑकलंडमध्येच नाहीये. कुठंच बघितला नाही मी."

गुरुजी म्हणाले, "मग दर्भाचा करू. तिथं दुसरा कुठला पक्षी आहे?"

"सीगल आहेत. भरपूर."

"ते काय खातात?"

"काहीही. चिप्ससुद्धा."

गुरुजींनी डोळे मिटले. "पक्षी तो पक्षी. थांबून तर बघा."

मी पिंडाच्या शेजारी होते, म्हणून मला सगळं जवळून दिसलं. आईंनी हात जोडले होते. त्यांच्या ओठांवर शब्द आले होते. दहा दिवस त्यांनी मनात जमवले असतील, देवा, संपदाला मी बघीन, रणजितला मी बघीन. संपदाचंही काही होतं. रणजितचं तर होतंच.

आणि सगळे दहा पावलं मागं जाऊन वळतात न वळतात तोच तीन सीगल आले. धाड! पिंड गेला. तीळ गेले. एकानं पानही फाडून नेलं. एकानं मला चोच मारून बघितली. दोन सेकंदसुद्धा लागले नसतील.

कुणाला एक शब्द द्यायला वेळ मिळाला नाही.

मग आई म्हणाल्या, "लगेच शिवला! बघितलंस रणज्या? सुटला माझा देवा. काहीसुद्धा मागं राहिलं नाही त्याचं." त्यांच्या तोंडावर दहा दिवसांत पहिल्यांदा थोडं हायसं वाटलेलं दिसलं.

रणजितनं खाली वाकून मला उचललं आणि ओरडला, "राहिलंय! कसं नाही राहिलं? माझी परीक्षा राहिलीये! ही बाटली राहिलीये!"

"अरे, शिवला ना..."

"तो सीगल आहे आई! तो डायपरपण उचलतो! त्याला काय कळतंय दादाचं?"

आणि तो धावला. मला हातात घेऊन, सीगलच्या मागं, खाडीच्या चिखलात! "ए! थांब! परत ये! ते तुझं नव्हतं! मला बोलायचं होतं!" सीगल मजेत वर उडत होते. कुत्रा फिरवणारं एक जोडपं थांबून बघत होतं. एका ठिकाणी पाय रुतला, रणजित आडवा पडला, मी हातातून सुटले आणि चिखलात गळ्यापर्यंत रुतले. काच फुटली नाही. मी का फुटले नाही, मला माहीत नाही. त्या क्षणी फुटावंसं वाटत होतं खरं.

मागून फोनमधून गुरुजींचा आवाज येत होता, "काय झालं? मला नुसतं गवत दिसतंय. शिवला का?"

संपदा चिखलात आली, रणजितजवळ बसली, फोन त्याच्यासमोर धरला. त्यानं गुरुजींना रडत रडत सगळं सांगितलं. शिवीसकट.

गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "बाळा, पक्षी शिवला नाही तर इच्छा राहिली, असं आपण धरतो. पण शिवला म्हणजे काहीच राहिलं नाही, असं कुठं लिहिलंय? जा. हातपाय धू."

रणजितनं चिखलातच बसून मला शर्टानं पुसलं.

तुम्हाला वाटेल, मग त्यानं लगेच अभ्यास सुरू केला. छे. त्यानं तारीख घेतली एवढंच. पुस्तक उघडलंच नाही. कामावरून यायचा, भिंतीकडे बघत बसायचा. आईंनी ऑगस्टअखेरचं तिकीट काढायचं ठरवलं. "तूही चल," म्हणाल्या. "इथं आता कुणासाठी राहायचं?" संपदा ओट्याकडे तोंड करून कप धूत होती. धुतलेलाच कप परत परत धूत होती.

जूनमधल्या एका दुपारी रणजितनं मला कपाटातून काढलं आणि बुचाच्या वेष्टनावर नख लावलं. मला कळलं. हा आता मला अशीच पिणार, एकटा, परीक्षा न देता. एवढी वर्षं उघडायची वाट बघितली, पण तेव्हा मी सगळा जोर लावून बूच धरून ठेवलं. खरंच धरलं होतं! तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू.

आई आल्या. त्याच्या हातातून मला घेतलं. मला वाटलं, सिंकमध्ये ओतणार. पण त्यांनी मला टेबलावर मधोमध ठेवलं. चार ताटं मांडली. मोहरीची वाटी आणली, जिऱ्याची आणली. आणि वरणाचं पातेलं, अर्धं भरलेलं, त्याच्या हातात दिलं.

"जिरं उजवीकडून येतंय," म्हणाल्या. "आधी कोण?"

रणजित आधी हसला. मग पातेलं खाली ठेवून टेबलावर डोकं टेकून रडला. आई थांबल्या. तो रडून झाल्यावर परत म्हणाल्या, "आधी कोण?"

"जिरं."

"का?"

"उजवीकडून येतंय म्हणून."

"मग जाऊ दे त्याला."

आईंना गाडी येत नाही. इंग्रजी येत नाही. पण पोळ्या लाटता लाटता त्यांनी सगळा अभ्यासक्रम ऐकला होता! दोन महिने रोज शाळा भरली. संपदा इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या करायची, फ्रिजवर लावायची, आणि रणजितनं उत्तर घाईनं दिलं की आई लाटण्यानं त्याच्या बोटावर टक् करायच्या. आता बसमधून जाताना आई ड्रायव्हरला मनातल्या मनात मार्क देतात. परवा एकाला दहापैकी चार दिले.

हे सगळं असं झालं. आणि आज...

थांबा! गाडी! गाडीचा आवाज आला!

दार उघडलं. आधी संपदा आली. तिच्या तोंडावरून काही कळत नाहीये. मागून रणजित. डोक्यावर आता बोटभर केस आलेत. पायात जँडल्स! परीक्षेला स्लिपर घालून गेला होता हा मुलगा!

आईंनी त्याच्याकडे बघितलं.

रणजितनं खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला, अगदी माझ्या पायाशी. मला वाचता येतंय! मला आकडा दिसतोय!

"चौतीस," संपदा म्हणाली आणि मग ओरडली, "चौतीस, आई! पस्तीसपैकी चौतीस!"

आई खाली बसल्या. उठल्या. साखरेचा डबा उघडला आणि मूठभर साखर रणजितच्या तोंडात कोंबली, निम्मी जमिनीवर सांडली. "एक कुठला चुकला रे मेल्या?"

"बैलगाडीचा होता," रणजित साखर खात म्हणाला. "म्हणजे घोड्याचा. रस्त्यावर घोडा आला तर काय करायचं. मी हॉर्न दाबला."

तिघंही हसले. किती दिवसांनी! मी तर नाचतच होते, माझ्या आत लाटा उठत होत्या. चला, आता मला! आता मला!

रणजितनं मला उचललं. वेष्टन काढलं. बुचावर अंगठा ठेवला. आणि थांबला.

"काय झालं?" संपदानं विचारलं.

"वहिनी, ही उघडली की संपलं ना? दादाचं एवढंच राहिलं होतं. मी तिथं ओरडलो होतो, राहिलंय म्हणून. आज उघडली की मग काहीच नाही राहणार." त्यानं मला परत टेबलावर ठेवलं. "अशीच ठेवू या. कायमची. फोटोजवळ."

फोटोजवळ! नाही, नाही, रणजित! ऐक माझं!

पिंपात होते तोवर मी दरवर्षी मोठी होत होते. बाटलीत तसं होत नाही. काचेत व्हिस्की वाढत नाही. शंभर वर्षं ठेवलीस तरी मी तेवढीच राहीन, आत शिरले त्या दिवसाएवढी. तुझा दादा आता छत्तीसचाच राहणार. त्याला इलाज नाही. पण मला तसं करू नकोस. आणि तू तर मुळीच तसा होऊ नकोस. तुला टौरंगाला जायचंय, चाकं मोजायचीत!

त्याला हे ऐकू गेलं नाही. माणसांना आमचं ऐकू जात नाही. पण संपदा बोलली.

"रणजित, तुला वाटतं एवढंच राहिलंय? कपाटात त्याचे अकरा शर्ट आहेत. सात चार्जर आहेत, त्यातला एकही कशाला लागत नाही. मागच्या अंगणात अर्धवट बांधलेलं शेड आहे. त्याच्या फोनमध्ये दर सोमवारी अलार्म वाजतो, 'कचऱ्याचा डबा', आणि मी तो बंद करत नाही. मी रोज त्याचं काही ना काही करतेय. तुझ्या वाट्याला जे आलं होतं, ते हे आहे. तुझं तू कर ना! माझं मी करतेय."

ती पहिल्यांदाच एवढं बोलली.

"शेड मी बांधतो," रणजित म्हणाला.

"बांध. आधी हे उघड."

"बैस खाली," आई त्याला म्हणाल्या. "उभ्यानं कसलं पितोस, घोड्यासारखा."

तो बसला. एक श्वास घेतला. सावकाश. आणि बूच फिरवलं.

आहा! हवा! एवढ्या वर्षांनी हवा! माझा वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला, जर्दाळूचा, मनुकांचा, जुन्या लाकडाचा, आणि त्यात कालच्या फोडणीचा. आईंनी नाक मुरडलं, मग परत हुंगलं.

रणजितनं दोन ग्लासांत ओतली. आईंनी चहाचा चमचा पुढं केला. "एवढीच. त्यानं विमानतळावरनं एवढ्या हौसेनं आणलीये म्हणून." चमचाभर घेतली, डोळे घट्ट मिटले, खोकल्या. "अरे देवा, हे? ह्याच्यासाठी वरणाचं पातेलं दोन महिने फिरवलं मी?"

संपदा हसली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिनं ते पुसलं नाही. "पहिल्यांदा त्यानं माझ्या बाबांसमोर प्यायली होती, माहितेय? लग्नाआधी. बाबांना इम्प्रेस करायला. आणि मग बाबांच्या कुत्र्याशी अर्धा तास राजकारणावर बोलत बसला."

"दादा?" रणजित पुढं सरकला. "आपला दादा? कुत्र्याशी?"

"इंग्रजीतून."

"वहिनी, थांब, थांब, नीट सांग. पहिल्यापासून सांग."

मे महिन्यापासून या घरात त्याचं नाव निघालं की लोक गप्प व्हायचे. आता आईसुद्धा खुर्ची ओढून बसल्यात. त्यांनाही एक सांगायचंय, देवा लहान असतानाचं, विहिरीतल्या कासवाचं. मला नाही माहीत कासवाचं! सांगा, सांगा!

रणजित, उद्या ट्रकवर जाशील तेव्हा मला शिवायचं नाही, एवढं ऐक. घरी आल्यावर, पाय धुऊन, माणसांत बसून. आणि मला पुरवून पुरवून ठेवू नकोस. बूच निघालं की मी थोडी थोडी उडून जाणार, तो माझा स्वभाव आहे. शेड बांधून होईल त्या दिवशी दोन घोट घ्या. टौरंगाची पहिली फेरी झाली की दोन. आई निघतील तेव्हा त्यांना चमचाभर.

पण ते पुढचं. आत्ता कुत्र्याची गोष्ट अर्धी राहिलीये. बोला तुम्ही. मी अजून चारच बोटं कमी झालेय.